दोन फुल, एक हाफ

सात दिवसांची रजा. लॅप्स होणार होती म्हणून घेतली.
डेपोतल्या कारकुनानं सही करताना विचारलं, गावी?
म्हटलं, नाही हो. घरीच. घणसोलीला.
तो असा हसला, जसं काही मी
दुसऱ्याच्या पासावर फिरायला निघालेय.

पहिल्या दिवशी मी कुकर लावला
तर दुर्वा ओट्याशी येऊन म्हणाली,
आई, आपल्याकडे तीन नाही, चार शिट्ट्या लागतात.
आपल्याकडे.
डबे हलले होते. साखरेच्या जागी हळद.
चहा पिवळा व्हायचा थोडक्यात वाचला.

मंगेश पहाटे मार्केटातून येतो, अंगाला कांद्याचा वास,
दहापर्यंत झोपतो. तेवढ्या वेळात
कसं चालायचं, कुठली फरशी वाजते,
मिक्सर कधी लावायचा,
सहा वर्षांच्या निहारलासुद्धा पाठ.
माझ्या हातून पातेलं पडलं
आणि तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.
पाचशेची नोट पुढे करणाऱ्याकडे
सकाळच्या पहिल्या फेरीला मी बघते, तसं.

मंगळवार मात्र सोन्यासारखा गेला.
खुर्च्यांची बस. मी ड्रायव्हर, निहार कंडक्टर,
हातात टीव्हीचा रिमोट, तेच मशीन.
पुढे सरका, पुढे मोकळंय, दारात काय नाचताय!
दिवसभर ओरडत राहिला, माझ्याच आवाजात.
एवढी कर्कश आहे का मी?
दुर्वापण हसली.
खुर्चीवर बसली नाही, पण हसली.

बुधवारी कपाट आवरायला घेतलं. घ्यायला नको होतं.
जुन्या फ्रॉकांच्या मागे, मागच्या वर्षीच्या दप्तरात
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट. निम्मं संपलेलं.
कधीपासून?
फेब्रुवारी.
कुणाला सांगितलंस?
म्हात्रे काकूंना. तुझी सेकंड शिफ्ट होती.
एवढंच. आवाज न चढवता.
फेब्रुवारी, मार्च, एप्रिल.
रात्री मोजत राहिले,
हिशेब जुळत नाही तेव्हा चिल्लर मोजतात तसे.
आणि हिशेब तर जुळतच होता.

दहा वर्षं झाली या कामाला.
नुसत्या नजरेनं वय ओळखते मी पोरांचं.
ओढून कडेवर घेतलेली,
गुडघे वाकवून उभी राहा म्हणून दटावलेली,
अहो, दहावं लागलंय आत्ता कुठं...
ताई, फुल लागेल, म्हणते मी. कधी चुकले नाही.

गुरुवारी निहारला मारलं. कारण आठवत नाही.
म्हणजे आठवतं, दूध सांडलं होतं,
पण ते कारण नव्हतं.

शुक्रवारी बाथरूमच्या दाराशी उभी राहून विचारलं,
पोटात दुखतं का गं?
आतून नळाचा आवाज. मग, कधीकधी.
मलाही दुखायचं, म्हटलं दाराला.
नळ बंद झाला.
पुढे काय बोलायचं ते ठरवेपर्यंत
कुणीतरी बेल वाजवली. इस्त्रीवाला.

शनिवारी नेरूळला, बागेतल्या छोट्या गाडीत बसायला.
मंगेशला माल उतरवून घ्यायचा होता, तो आला नाही.
बसमध्ये नेमका साळुंखे.
मॅडम, तुमचं काय तिकीट काढायचं!
काढ, म्हटलं. दोन फुल, एक हाफ.
त्यानं दुर्वाकडे पाहिलं. बारीक आहे अंगानं.
चालेल की हो हाफमध्ये.
नाही. जानेवारीत बारा पूर्ण झाली.
फुल.

ती काही बोलली नाही.
आपलं तिकीट मागून घेतलं
आणि घडी न घालता मुठीत धरून बसली.
कोपरखैरण्याच्या सिग्नलला करकचून ब्रेक लागला,
निहार पुढे गेला, आणि दोन्हीकडून आम्ही
एकदमच त्याची कॉलर पकडली.
तिचा हात माझ्या हाताखाली आला.
तिनं तो काढला. लगेच नाही, पण काढला.

रविवारी खाकीला इस्त्री.
निहार रडला, पाच मिनिटांत विसरला.
कुकर दुर्वानं लावला.
मी नुसती ओट्याला टेकून शिट्ट्या मोजल्या.