हो, दिसला

ग्रॅच्युइटीचे पैसे आले तेव्हा
रामबागेत जो तो सल्ला देऊन राहिला होता:
एफडी कर, गुडघा बदलून घे,
वरच्या खोलीला टाइल्स लाव.
मी किब्बरला गेले.
चौदा हजार फुटांवर, फेब्रुवारीत,
शरयूवहिनीच्या शब्दांत, "एक मांजर बघायला."
हिमबिबट्या, मी दोनदा सांगून पाहिलं.

एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी साबणाने काचा धुतल्या,
पोरांनी जाळून काळी केलेली बुडं खरवडली.
थंडी म्हणजे मला ठाऊक होती ती इंदूरची,
गराडूच्या कढईशी उभं राहिलं की सरणारी.
तिकडची थंडी दातांच्या सिमेंटमध्ये शिरते.
बादलीतलं पाणी रात्रीतून
बादलीच्याच आकाराचा दगड होतं,
आणि शेकोटीसाठी याकचं शेण
तकपाची आई मोजून देते.

आठ दिवस आम्ही एका दरीकडे पाहत बसलो.
कड्यावर भरल. एकदा कोल्हा, घाईत.
एक दाढीवालं गिधाड इतकं जवळून गेलं
की पिसांत वारा फाटल्याचा आवाज आला.
मला तेवढ्यावरही परतता आलं असतं, खरंच.
तकपाला नाही.
तो अंधारात निघे, माग काढे,
बर्फातल्या ठशाशेजारी स्वतःची मूठ ठेवून दाखवी,
आणि रात्री माझ्याकडे असा पाही
जसा आमटीत मीठ विसरलेला यजमान.

नवव्या दिवशी, दुपारी सव्वातीनला,
त्याने नुसता हात वर केला.
दुर्बीण रोखली, स्क्रू फिरवला, बाजूला झाला.
"तो काळा दगड. त्याच्या खाली. शेपटी."
बंगळूरच्या जोडप्याने पाहिलं. त्यातली बाई रडली.
मी वाकले, आणि माझाच श्वास
माझ्या चष्म्यावर जाऊन बसला.
पांढरं. पुसलं. पुन्हा पांढरं.
चष्मा काढला तर डोंगरच विरघळला.
मागून: "दिसला, मॅडम?"
त्याच्या बोटांची टोकं भेगाळून काळी पडली होती.
मी म्हटलं, हो, दिसला.
काच निवळली तेव्हा दगड होता नुसता.

इंदुरात आले तर
तो माझ्याआधीच पोचलेला.
पोह्याच्या गाडीवर जितू म्हणे, "मावशी, कसा असतो हो?"
मी सांगितलं. धुरकट अंग,
शेपटी एवढी की त्याची त्यालाच पांघरता यावी.
लोकमान्यनगरच्या भिशीत त्याने जांभई दिली.
भाचीच्या सासरी उठला, चार पावलं चालला.
मे महिन्यापर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं होतं.
हे शेवटचं मी सिरपूर तलावावर
पाणकावळे मोजणाऱ्या एका परक्या मुलीला सांगितलं.
तिने वही मिटून ऐकलं.
त्या रात्री मी जेवले नाही.

झोपेत मात्र तो येत नाही.
येतो तो चष्म्याचा पांढरा गोल,
त्यापलीकडे कुठेतरी एक वजन
दगडावर हळूच टेकतंय, उचललं जातंय,
आणि माझ्या मानेमागे तकपाचा श्वास,
रोखून धरलेला.

दिवाळीच्या तोंडावर त्याचा मेसेज आला.
मादी आहे ती, दोन पिल्लं घेऊन फिरते.
फेब्रुवारीत या. आईने या वर्षी शेण जास्त वाळवलंय.
मग बराच वेळ काही नाही,
नुसती ती तीन टिंबं नाचत राहिली,
थांबली, पुन्हा नाचली.

मॅडम, येताना साबणाची वडी आणा.
काचेला कोरडीच चोळायची, मग पुसायची.
वाफ धरत नाही.