हे म्हणजे कोणतं

मोखोतलोंगच्या डोंगरावरच्या या शाळेत
सोळा वर्षं माझं गणित असं चालायचं:
"हे इथून उचललं, तिकडे ठेवलं,
यातून हे गेलं, उरलं ते."
खडू फळ्यावर नाचायचा,
एकसष्ट डोकी हलायची.
डोकी हलली म्हणजे कळलं,
असं मी धरून चालायचे.

जानेवारीत शाळा उघडली त्या आठवड्यात
केनेवे आली, मामाच्या घोड्यावर पुढे बसून.
डोळे उघडे होते, पण त्यांना काम नव्हतं.
हेडमास्तर म्हणाले, ठेवून घ्या, वरून पत्र आलंय.
पत्रात सगळं होतं: हक्क, समान, सामावून.
ठिपके उठवायचं यंत्र नव्हतं.
जाड कागद नव्हता.
तिला कुठल्या बाकावर बसवायचं
तेही लिहिलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी चिडले होते.
तिच्यावर नाही, पत्रावर.
मग थोडी तिच्यावरही.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "यातून हे गेलं,"
आणि दुसऱ्या रांगेतून आवाज आला,
जरा घोगरा, अजिबात न बिचकता:
"हे म्हणजे कोणतं, म्मे?"

वर्ग हसला.
मी म्हटलं, सातशे चारातून एकोणचाळीस.
चारातून नऊ जात नाहीत,
म्हणून शेजारच्या शून्याकडून उसना घेतला.
"शून्याकडून?
त्याच्याकडे होतं काय द्यायला?"

या वेळी कोणी हसलं नाही.
एकसष्ट डोकी माझ्याकडे बघत होती,
आणि मला दिसलं
की हे कोणालाच कधी कळलेलं नव्हतं.
मग मला सांगावं लागलं, पहिल्यांदाच,
शून्य कसं रिकाम्या हातानं साताच्या दारी गेलं,
दहा घेऊन आलं,
त्यातला एक चाराला दिला,
आणि स्वतःकडे नऊ ठेवून बसलं.

"सहाशे पासष्ट," मागून कोणीतरी म्हणालं.
तो त्लाली होता.
ज्याच्या नावापुढे मी तीन वर्षं
मनातल्या मनात 'दगड' लिहिलं होतं.
पुढे दवाखान्यातली नर्स आली तेव्हा कळलं,
दोन हातांपलीकडचं त्याला धुकं दिसतं.
माझं एकही 'हे'
त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.
त्याचा चष्मा अजून आलेला नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका.
कोणीतरी तिची काठी छपरावर फेकली.
तिनं लेबोहांगच्या दंडाला चावा घेतला,
रक्त येईपर्यंत, आणि काठी फेकणारा तो नव्हताच.
मी दोघांना भिंतीशी उभं केलं.
दुसऱ्या दिवशी मामा घोंगडी सावरत दारात:
"आंधळ्या पोरीला शिक्षा?"
मी म्हटलं, वर्गातली आहे ना ती?
तो बराच वेळ उभा राहिला.
मग घोड्याला पाणी पाजून निघून गेला.

नोव्हेंबरात परीक्षा.
ठिपक्यांची प्रश्नपत्रिका येणार होती,
रस्त्यात आहे म्हणाले,
आमच्याकडे रस्त्यात म्हणजे काहीही असू शकतं.
वाचून दाखवायला माणूस चालला असता,
पण माणूस मंजूर नव्हता.
केनेवे कोऱ्या बाकावर तळवे पसरून बसली,
लाकूडच वाचत असल्यासारखी.

मग एक कुजबुज सुरू झाली.
त्लाली, कागद नाकाला टेकवलेला,
एकेक अक्षर फोडत:
"प्रश्न पहिला. आठशे दोन. त्यातून…"

नियमाप्रमाणे मी ओरडायला हवं होतं.
मी खिडकीकडे तोंड केलं.
बाहेर मामाचा घोडा. तांबडा.
मागचा डावा पाय गुडघ्याखाली पांढरा.
खोगिराचा पट्टा दोरीनं जोडलेला.
दोन माश्या, एक उडाली, एक नाही.

असं नाव घेऊन बघायची सवय
मला या वर्षीच लागली आहे.