हललेला फोटो

पहिल्या रिळातल्या छत्तीसपैकी एकतीस फोटोंत
समुद्र डावीकडे सांडत होता.
डॉन एलिसेओंनी निगेटिव्ह खिडकीशी धरलं. म्हणाले,
"एवढं पाणी वाहून गेलं, पोरा,
कास्त्रोच्या होड्या आता चिखलात बसल्या असतील."
होड्या खरंच चिखलात होत्या,
पण ओहोटी होती म्हणून.

दुसऱ्या रिळात क्षितिज सरळ
आणि बाकी काहीच नाही.
वर आभाळ, खाली पाणी,
मधोमध रेघ, वहीच्या कोऱ्या पानावर असते तशी.
"ह्यात मी उभा कुठे राहू?" त्यांनी विचारलं.
पायाशी शिंपल्यांचा ढीग होता, एक तुटकं वल्हं होतं.
ते ओलांडून मी पुढे गेलो होतो,
लांबचं धरायला.

मग एक पुस्तक उसनं आणलं.
त्यात लिहिलेलं: सूर्य दक्षिणेकडून जातो, पाठ तिकडे करा.
आठवडाभर मी इमानाने पाठ करून उभा राहिलो
आणि एकेक टेकडी कोळशाची होऊन आली.
पुस्तक वरच्या गोलार्धातलं.
आमच्या चिलोएत सूर्य उत्तरेतून जातो,
हे वाफ्यातल्या बटाट्यांनाही ठाऊक होतं.

मला हवं होतं ओतिलिया बार्रियाचं पिवळं घर.
टोकावरचं, लाकडी खवल्यांचं,
सर येऊन गेली की माशासारखं चकाकणारं.
एकदा उजेड होता, पण दोरीवर परकर.
काढता का जरा, असं विचारलं
तर म्हणाली, "ओले आहेत,"
आणि हसत आणखी दोन वाळत घातले.
एकदा तिपाईचा पाय वाळूत रुतत गेला,
मला कळलं घरी आल्यावर.
एकदा सूर्य बुडाला म्हणून सामान आवरलं,
पायवाटेवर वळून पाहिलं तर
घर आतून पेटल्यासारखं,
आणि कॅमेरा पिशवीत, पिशवी पाठीवर.

भरतीचं वेळापत्रक खिशात घालून फिरत होतो.
तेच वेळापत्रक तिच्या दारामागेही खिळ्याला टांगलेलं,
हे मी पाहिलं होतं. विचारलं नव्हतं.

शनिवारी गेलो तर घराला बैल जुंपलेले.
बारा जोड्या.
जोत्यावरून उचललेलं, ओंडक्यांवर ठेवलेलं घर,
खिडक्यांना आडव्या फळ्या, चुलीचा पाइप काढलेला.
ओतिलिया बहिणीच्या बेटावर राहायला निघाली होती,
घर घेऊन.

ह्या खेपेला तिपाई दगडावर रोवली.
पुढ्यात दोराचं वेटोळं घेतलं. क्षितिज दोनदा तपासलं.
फक्त आदल्या संध्याकाळचा शटर तसाच राहिला होता,
अर्ध्या सेकंदावर.
एकच फोटो निघाला. तेवढ्यात सांतियागो उयार्ते ओरडला,
"तो डबा ठेव आणि दोर धर!"
धरला. तळहात सोलले.
किनाऱ्यावर दुपारभर पाण्याची वाट पाहिली,
डुकराचं मटण खाल्लं, बटाटे खाल्ले,
आणि पाणी चढलं तसं ते उंबऱ्यापर्यंत भिजलं,
मग एकदा डुललं,
मग होड्यांच्या मागे गुमान चालू लागलं.

डार्करूममध्ये डॉन एलिसेओ बराच वेळ वाकून होते.
"हललाय. हात हलला?"
"नाही. घर हललं."
त्यांनी कागद चिमट्याला लावला,
पाणी थेंब थेंब फरशीवर पडू दिलं.
दगड स्वच्छ, कुंपण स्वच्छ,
एका बैलाच्या शिंगावरची ओरखडसुद्धा स्वच्छ,
आणि मधे तो राखाडी फराटा, दाराचा, खिडक्यांचा.
"क्षितिज मात्र सरळ आहे," ते म्हणाले.

आता टोकावर रोज संध्याकाळी उजेड येतो,
हवा होता अगदी तसा.
खाली चार दगड, चौकोनभर पांढुरकं गवत.
तारही नाही, परकरही नाही, मधे काहीच येत नाही.

समोरच्या बेटावर एक पिवळा ठिपका आहे.
ह्या भिंगातून यायचा नाही.
सांतियागोला होडी विचारली आहे.
भरती सहाला.