रीडिंग

माझगावच्या जिन्यांखाली काडी ओढून
मीटर वाचले मी, एकतीस वर्षं.
जळमटं, उंदरांच्या लेंड्या, आणि काचेमागे
आपल्याच नादात फिरणारी ती चकती.

आता सकाळी सातला सुफिया येते,
दंड बांधते, “मूठ आवळा काका,” म्हणते,
आणि माझं रीडिंग घेऊन जाते.

संध्याकाळी कागद.
सीआरपी एकवीस. फायब्रिनोजेन वाढलेलं.
इओसिनोफिलपुढे वर तोंड केलेला बाण.
डॉक्टर तळपदे चष्मा कपाळावर सरकवतात:
“फुप्फुसात सूज आहे. गेल्या खेपेपेक्षा जास्त.”
मग पाच वर्षांत शंभरातले इतके, असं काहीसं.
त्या शंभर माणसांत
मी माझा शर्ट शोधत राहतो.

साहेब, मीटर जळलेलं सांगतो.
उद्या पाहुणे आले, घरभर दिवे लागले,
ते त्याला काय ठाऊक?

ते हसतात. मीही हसायला जातो,
त्याचा खोकला होतो,
हिरा पाण्याची बाटली उघडते.

कुलूप दिसलं की आम्ही वहीत लिहायचो:
दार बंद. सरासरी धरावी.

रात्री तीन उशांना टेकून
ते आठवतं.
मी आहे घरात, सुफिया.
दार नुसतं लोटलंय.