चार नंबरची चावी

उद्यमबागेत एकतीस वर्षं
मी लेथला कामाला लावलं.
आता मंडोळी रोडच्या दवाखान्यात, दुसऱ्या माळ्यावर,
एक मशीन मला कामाला लावतंय.

उजवा हात त्याच्या पाळण्यात.
तीन पट्टे: मनगट, कोपर, दंड.
पडद्यावर हिरवा ठिपका पळतो, त्याला गाठायचं.
मी गाठतो म्हणजे मशीन मला नेतं
आणि माझ्या नावावर मांडतं.
भरमाण्णा मंडोळकर, सत्र सतरावं, मदत बासष्ट टक्के.
शंभरातले अडतीस माझे.
पगारातून असं कापलं असतं तर गेटवर बसलो असतो.

'मेल्लगे, अण्णा,' विद्याश्री हुक्केरी म्हणते,
'इन्नोंदु सल.'
तिचं मराठी तिकिटापुरतं,
माझं कन्नड बसची पाटी वाचण्यापुरतं.
हळू आणि परत,
एवढ्यावर आमचा महिना गेला.

सत्र संपलं की ती रेघा दाखवते:
तुटक, मशीनने सांगितलेली;
जाड, मी केलेली.
पहिल्या दिवसाची म्हणजे लेथखालचा चुरा,
निळसर, गुंडाळलेला, बोट कापणारा.
परवाची बरीच सरळ,
फक्त कोपर साठ अंशांवर आला की दाते.
दरवेळी तिथेच. बारीक, सारखे.
'ट्रेमर,' म्हणाली, आणि लिहिलं.

सारखे?
माझा हात इतका शिस्तीचा नाही.
रात्री पांघरुणात थरथरतो तेव्हा
कधी जोरात, कधी मधेच विसरल्यासारखा.
मी डोळे मिटले. तिला वाटलं, दमलो.
मी ऐकूलालो.
साठावर टक्. परत येताना टक्.
बेअरिंग खाल्लेलं नाही, बोल्ट सैल.
आता जीभ अर्धीच वळते, कान शाबूत आहे.
'प्ले,' म्हटलं. 'ह्याला. मला नव्हं.'

तिने पट्टे सोडले, बटण बंद केलं.
बसवंत वॉर्डबॉय खाली जाऊन
कुणाच्या तरी बुलेटमधली चार नंबरची चावी घेऊन आला.
डाव्या हाताने लावली
(डावा माझा अप्रेंटिस, अजून शिव्या खातो),
पाव फेरा उलटा,
आणि वॉशर सुटला,
टेबलावरून घरंगळत कडेला आला,
तर उजवा, मांडीवर निजलेला,
उठला.
बोटं उघडली, तांदळाच्या दाण्याएवढी,
आणि त्याच्यावर पडली.
वॉशर थांबला.

तिघंही गप्प.
पडदा काळा. कुठे नोंद नाही,
ना अंश, ना सेकंद, ना टक्के.

बोल्ट आवळला. नव्या रेघेतले दाते गेले.
एक थरथर उरली, वेडीवाकडी, जागा बदलणारी.
ती राहू दे म्हटलं, ती माझी.

मग विद्याश्रीने पर्समधून रुपया काढला,
सेन्सर माझ्या मनगटाला चिकटवला,
'इन्नोंदु सल, अण्णा,'
आणि टेबलावर घरंगळवला.

रुपया फरशीवर पडला, कपाटाखाली गेला.
बसवंत झाडू घेऊन वाकला.
बुधवारी परत.