उरलेले सव्वाशे किलो

भुसावळच्या भंगारवाल्याने ऑस्टिन
काट्यावर चढवली, आठशे तीस भरली.
किलोच्या भावाने मोटार नेणारी
मी त्याची पहिलीच बाई.
हारूनमिस्त्रीने मळकं पुस्तक उघडून
तेलकट बोट एका आकड्यावर ठेवलं,
"कंपनीतून निघाली तेव्हा साडेनऊशेच्या वर होती.
बाकीचे सव्वाशे किलो गेले कुठे, मॅडम?"

आठवडाभर मी लॅबमध्ये
लोकांच्या रक्तात काय कमी आहे ते लिहिते.
रविवारी एसटीने फैजपूर, यावल, चोपडा,
पिशवीत रुमालात गुंडाळलेली
डिस्ट्रिब्यूटरची फुटकी टोपी,
हरवलेल्या माणसाचा फोटो दाखवत फिरावं तशी.

डाव्या दाराची मूठ सापडली
फैजपुरात, पिठाच्या गिरणीच्या खिडकीला.
दोन बिजागऱ्या अन् एक कडी देऊन सोडवली.
एकशे ऐंशी ग्रॅम.
भोंगा एरंडोलच्या बँडवाल्याकडे होता म्हणे.
तो वारला, पितळ मोडीत गेलं.
हारूनने वहीतलं ते वजन खोडलं नाही,
नुसता भोवती कंस केला.

रबराचं मात्र काही जुळेना.
जळगावात टायरच्या दुकानी म्हटलं, पाच-सोळा.
दुकानदार हसला नाही, हेच विशेष.
"छोट्या ट्रॅक्टरचं पुढचं बसेल,
पण डांबरावर गुणगुणेल गाडी."
गुणगुणू दे.
चढवायला आधी रिमा हव्यात.

त्यातल्या दोन फिरत होत्या रावेरच्या अलीकडे,
सुपडू भारंब्यांच्या बैलगाडीखाली,
केळीच्या घडांचं ओझं घेऊन, चाळीस वर्षं.
मी मातीत बसले, नखाने खरवडलं,
नंबर निघाला.
ते बैलांना पाणी दाखवून आले, मग बोलले,
"इकत नाही मी. बदलून दे.
अन् जोडीनं दे, बाई,
एक उंच एक बुटकं
बैलाले चालत नाही."

जीपची जोडी शोधण्यात दोन महिने गेले.

रिमा घासल्या. रॉकेल, सोडा, पॉलिशपेपर.
काळे डाग तसेच.
"केळीचा चीक," हारून म्हणाला,
"धोतराचा जात नाही, लोखंडाचा काय जातोय?"
रंगाचा डबा त्याने उघडला होता.
मी झाकण लावलं.

काल सावद्याच्या वजनकाट्यावर,
केळीच्या दोन ट्रकांच्या मधे
ऑस्टिन उभी केली आणि आम्ही उतरलो.
नऊशे सत्तर.
हारूनने पुस्तक काढलं, पाहिलं, मिटलं.
पंधरा जास्त, तेही भोंग्याविना.
"कसले?" मी विचारलं.
तो विडी शोधत राहिला.

काट्यावरच्या पोराने चिठ्ठीवर पेन टेकवलं,
"माल काय लिहू?"
"रिकामी."
त्याने लिहिलं. मग खिडकीतून वाकून
रिमांकडे पाहिलं, डागांकडे,
आणि ओळखीचं हसून म्हणाला,
"बाग कुठं हाये तुमची?"