धक्का

सप्टेंबर सरला की व्हिस्बीच्या तटावरून
पर्यटक उतरतात
आणि गाव आम्हाला परत मिळतं.
गेम डिझाइन, एम.ए., दुसरं वर्ष. अकरा जण,
आणि नाणी गिळणारं एक कॉफीचं यंत्र.
त्यावर आल्वारनं चिठ्ठी डकवली आहे :
हा बग नाही, स्वभाव आहे.

माझा प्रबंध वाट पाहण्यावर.
गेम एवढाच : रात्र, धुकं, फोरोसुंदचा धक्का.
फेरी पलीकडे गेलेली. तुम्ही उभे.
गोळी नाही, गुण नाहीत, पळायची सोय नाही.
हात खिशात घालायचं
एक बटण आहे.
तेच पुन्हा दाबलं की हात बाहेर.

इंगेयेर्द, माझी मार्गदर्शक,
चष्मा कपाळावर सारून विचारते,
जिंकायचं कसं?
मी खिडकीबाहेर बघते.
बाहेर एक मेंढी. तिलाही माहीत नसावं.

पहिला महिनाभर माझा माणूस
फळ्यांतून आरपार जायचा,
पाण्यातून, पाण्याखाली मी काहीच ठेवलं नव्हतं
त्यातून,
पडतच राहायचा.
त्याला तळ द्यायला विसरले होते.
मी जेवून यायचे, भांडी विसळायचे,
तो अजून पडत असायचा. तक्रार नाही.

मग चाचणी. सव्वीस जण बसले.
चौथ्या मिनिटाला बावीस उठले.
उरलेल्या चौघांतल्या एकाला डुलकी लागली होती,
तेही तक्त्यात भरलं, प्रामाणिकपणे.

नोव्हेंबरात बाबा आले. दातांच्या कामासाठी,
माझ्यासाठी नव्हे.
एकतीस वर्षं त्याच पिवळ्या फेरीवर
गाड्या लावत आले : तू ये, तू थांब, जरा डावीकडे,
सगळं हातांनी. आठ मिनिटांचा समुद्र,
जायचा आणि यायचा.
मी म्हटलं, बसा, जरा बघा.
माउस त्यांनी ओल्या साबणासारखा धरला
आणि सोडून दिला.

चार मिनिटं झाली. नऊ.
वीस.
स्क्रीनवर धुकं, खुर्चीत बाबा,
दोन्ही तितकेच हलणारे.
प्रोग्रॅम अडकला म्हणून मी उठले, तर म्हणाले,
तो कुरव आजारी आहे का?
कुठला?
दर बारा सेकंदांनी तेच ओरडतोय, त्याच जागेवरून.
कुणी ओ देत नाही त्याला.

मी काय सांगणार? एकच आवाज होता माझ्याकडे,
कापून, टोकाला टोक जोडून फिरवलेला.

मग जाकीट चढवता चढवता, जणू छत्रीची आठवण करावी तसं,
म्हणाले : आणि पाणी.
फेरी येण्याआधी धक्क्याखालचं पाणी सरतं मागे,
इंजिन ऐकू यायच्याही आधी.
खांबांवरचं शेवाळ वीतभर उघडं पडतं.
आम्ही ते बघून टोपी घालायचो.

एकतीस वर्षांत हे घरात कधी बोलले नाहीत.
किंवा बोलले असतील,
आणि मी चौथ्या मिनिटाला उठले असेन.

त्या रात्री सतरा ओळी लिहिल्या.
पाणी वीतभर खाली. शेवाळ. बाकी काही नाही.
दुसरा कुरव लांब ठेवला, उजवीकडे,
तो उशिरा उत्तर देतो, कधी देतही नाही.
फेरी अजून केली नव्हती.
अजूनही केलेली नाही.

जानेवारीत पुन्हा सव्वीस जण.
एकोणीस उठले.
इंगेयेर्द म्हणाली, संख्याशास्त्राला विचारशील
तर हे काहीच नाही.
खरं आहे ते.

पण पहिल्या वर्षाची तुवा,
आख्खा वेळ खिशात हात घालून उभी राहिलेली,
पाणी सरलं तेव्हा
पुढे वाकली,
आणि तेच बटण पुन्हा दाबून
हात बाहेर काढले.

तक्त्यात याला रकाना नव्हता.